रेस्टॉरंट आणि हॉटेलांच्या भिंतींवरच्या बेस गिटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्ड रॉक कॅफे या रेस्टॉरंट-साखळीसारख्या ठिकाणी जाऊन आलेले वाचक तिथे भिंतीवर लावलेल्या नामवंत कलाकारांच्या वाद्यांबद्दल आम्हाला सतत विचारत असतात. त्यातले बेस गिटारबद्दलचे, म्हणजे गाण्याला खालचे, खर्जातले सूर देणाऱ्या गिटारबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भिंतीवर टांगलेली गिटार साधी आहे की बेस, हे लांबून कसं ओळखायचं?

आधी खुंट्या मोजा. बेसला बहुतेक वेळा चार खुंट्या असतात, त्याही मोठ्या, आणि तारा चांगल्या जाड असतात. मग नेकची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब दांडीची, लांबी पाहा. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या नेहमीच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते, तर त्याच कंपनीच्या साध्या इलेक्ट्रिक गिटारवर साडेपंचवीस इंच. दोन्ही शेजारी टांगल्या असतील तर फरक दारातूनच कळतो.

याला अपवाद आहेत. पाच आणि सहा तारांच्या बेस असतात. फेंडरने १९६१ मध्ये काढलेली 'बेस सिक्स' सहा तारांची आहे आणि तिची तारेची लांबी ३० इंचच आहे, त्यामुळे ती हमखास साधी गिटार वाटते. बारा तारांची बेससुद्धा आहे. तिच्यात प्रत्येक जाड तारेला दोन बारीक तारांची जोड असते. अशा वेळी सर्वांत वरची तार किती जाड आहे ते बघा, लगेच उलगडा होतो.

२. खाण्याच्या ठिकाणी वाद्यं टांगायची ही पद्धत सुरू कुठे झाली?

लंडनमध्ये. आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन अमेरिकन तरुणांनी १४ जून १९७१ रोजी हाइड पार्कच्या कोपऱ्याजवळ, ओल्ड पार्क लेनवर पहिलं हार्ड रॉक कॅफे उघडलं. तेव्हा भिंतीवर गिटार नव्हत्या. १९७९ मध्ये तिथे नेहमी येणाऱ्या गिटारवादक एरिक क्लॅप्टनची लाल फेंडर त्याच्या आवडत्या जागेच्या वर लावली गेली. काही दिवसांत 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने आपली गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार पाठवून दिली. 'माझीही त्याच्याइतकीच चांगली आहे' अशा अर्थाची चिठ्ठी सोबत होती. संग्रह असा सुरू झाला. आज त्यात ८० हजारांहून जास्त वस्तू असल्याचं कंपनी सांगते. २००७ पासून कंपनीची मालकी फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी जमातीकडे आहे. हॉलिवूड या फ्लोरिडातल्याच गावी २०१९ मध्ये त्यांनी ४५० फूट उंचीचं, गिटारच्याच आकाराचं हॉटेल उभारलं.

पहिल्या दोन्ही गिटार साध्या होत्या, बेस नव्हत्या. भिंतींवर आजही बेस थोड्या का दिसतात ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. तिथल्या भिंतीवरचं 'लव्ह ऑल, सर्व्ह ऑल' हे वाक्य सत्यसाईबाबांचं आहे, हे खरं का?

खरं आहे. टिग्रेट सत्यसाईबाबांचे भक्त होते आणि ते वाक्य त्यांनी तिथूनच उचललं. कंपनीतला आपला हिस्सा विकून आलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी पुट्टपर्थीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाला दिला. ते रुग्णालय १९९१ मध्ये सुरू झालं.

४. पाटीवर कलाकाराचं नाव आहे म्हणजे ती बेस त्याने वाजवलेली असते ना?

असतेच असं नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथेच आहे. पाटी नेमकं काय सांगते ते सावकाश वाचा. वाद्याचं आणि कलाकाराचं नातं अनेक प्रकारचं असतं.

सर्वांत भक्कम दावा म्हणजे या बेसवर अमुक ध्वनिमुद्रण झालं किंवा अमुक दौऱ्यात ती मंचावर होती. असा दावा तपासता येतो. त्याखालोखाल 'यांच्या मालकीची' हा दावा येतो. नामवंत वादकांकडे कित्येक वाद्यं असतात, काही कंपन्यांनी भेट दिलेली असतात आणि पेटीतून कधी बाहेरही निघालेली नसतात. ती मालकीची असतात, पण गाण्यात नसतात. 'स्वाक्षरी असलेली' याचा अर्थ तर एवढाच, की कलाकाराचा हात त्या वाद्याला सही करण्यापुरता लागला. धर्मादाय लिलावांसाठी नव्या, स्वस्त बेसवर सही घेण्याची पद्धत जुनी आहे. कधी सही फक्त पिकगार्डवर, म्हणजे तारांखालच्या संरक्षक पट्टीवर घेतात आणि ते प्लास्टिक नंतर वाद्यावर बसवतात. चार स्क्रू काढले की काम होतं. शेवटी राहते प्रतिकृती. चांगल्या ठिकाणी ती प्रतिकृती असल्याचं लिहिलेलं असतं.

सही केलेली बेस कमी दर्जाची, असं आम्ही म्हणत नाही. ती एका भेटीची खूण आहे आणि तिचं तेवढं मोल आहेच. पण जिच्यावर एखाद्या गाण्याचा तळ बांधला गेला ती बेस आणि जिच्यावर पेन फिरला ती बेस यांच्यासमोर आपण सारख्याच भावनेने उभे राहतो, आणि ते पहिलीवर अन्याय करणारं आहे. पाटीवर फक्त नाव असेल आणि नातं लिहिलेलं नसेल, तर तिथल्या माणसांना जरूर विचारा. अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना संग्रहाची थोडीफार माहिती असते आणि विचारलेलं त्यांना आवडतंही.

५. खरेपणा तपासतात तरी कसा?

कागद, लाकूड आणि फोटो, या तिन्हींचा मेळ बसवून.

कागद म्हणजे वाद्य कुणाकडून कुणाकडे गेलं याची सलग साखळी : विक्रीच्या पावत्या, लिलावाची सूची, विम्याचे कागद, वादकाचं किंवा त्याच्या तंत्रज्ञाचं पत्र. मधली एक कडी तुटलेली असली तरी प्रश्न उभा राहतो.

लाकूड आणि सुटे भाग आपलं वय सांगतात. फेंडरवर १९५४ च्या सुमारापासून १९७६ पर्यंत अनुक्रमांक मागच्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर असे, नंतर तो नेकच्या टोकाला छापला जाऊ लागला. आतल्या पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागावर, उत्पादकाचा आणि आठवड्याचा संकेतांक असतो. नेकच्या बुंध्याशी तारखेचा शिक्का सापडतो. मात्र फेंडरची नेक स्क्रूंनी जोडलेली असते, त्यामुळे १९६२ ची नेक आणि १९७० चं खोड, म्हणजे गिटारचा मुख्य लाकडी भाग, अशी जोडगोळी सहज तयार होते. एक तारीख जुळली म्हणून हुरळून जाऊ नये.

फोटोची परीक्षा सर्वांत खात्रीची. जुन्या मैफलीच्या फोटोत दिसणारा टवका, सिगारेटचा डाग किंवा लाकडाच्या रेषांची नक्षी समोरच्या वाद्यावर त्याच जागी आहे का, ते पाहतात. लाकडाच्या रेषा दोन वाद्यांवर सारख्या येत नाहीत. वाद्य एकाच रंगाने पूर्ण झाकलेलं असेल तर रेषा दिसत नाहीत, मग टवके आणि ओरखडे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

६. व्हायोलिनच्या आकाराची बेस दिसली की ती बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची, असं समजायचं का?

नाही. ती जर्मन हॉफनर कंपनीची ५००/१ या नमुन्याची बेस आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ती बनते आहे आणि आजही नवी मिळते. मॅकार्टनीने आपली पहिली हॉफनर १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली. फेंडर त्याला परवडण्यासारखी नव्हती. शिवाय हॉफनरचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या माणसाच्या गळ्यात ती उलटी वाटत नव्हती. बीटल्समुळे ती जगभर इतकी ओळखीची झाली, की रॉकच्या नावाने उघडलेल्या कुठल्याही ठिकाणी एक तरी हॉफनर असते.

त्या पहिल्या बेसची कथा या पानावर सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून ती चोरीला गेली. चोराने ती जवळच्या एका पबच्या मालकाला विकली. पुढची पन्नास वर्षं ती कुठल्याही भिंतीवर लागली नाही आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या माळ्यावर जाऊन पोहोचली. मॅकार्टनीच्या चाहत्यांनी आणि हॉफनरच्या जाणकारांनी शोधमोहीम चालवली, तिला यश आलं, आणि बेस मूळ मालकाकडे परतल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यामुळे १९७२ ते २०२३ या काळात कुणी तुम्हाला 'हीच ती १९६१ ची' म्हणून एखादी हॉफनर दाखवली असेल, तर ती ती नव्हती.

एक सोपी खूण : मॅकार्टनी डावखुरा आहे. पाटी त्याने वाजवल्याचं म्हणत असेल आणि बेस उजव्या हाताने वाजवायची असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. फोटोवरून ठरवताना फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही पाहा. गिटारवरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत.

७. जॉन एन्टविसलचं निधन हार्ड रॉक हॉटेलमध्येच झालं का? त्याच्या बेस तिथेच राहिल्या?

'द हू'चा हा बेसवादक २७ जून २००२ रोजी लास व्हेगासच्या हार्ड रॉक हॉटेलातल्या खोलीत वारला. वय ५७. दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलच्या सभागृहात त्यांच्या अमेरिका दौऱ्याचा पहिला कार्यक्रम होता. म्हणून हा प्रश्न सारखा येतो आणि लोकांना वाटतं, की त्याची वाद्यं तिथेच भिंतीवर चढली असतील.

त्याच्या संग्रहाचं तसं झालं नाही. तो स्वतः मोठा संग्राहक होता. मे २००३ मध्ये त्याच्या गिटार आणि बेस लंडनच्या सॉदबीज लिलावगृहात विकल्या गेल्या. त्यात 'फ्रँकेन्स्टाइन' नावाची बेसही होती. १९६७ मध्ये अनेक फेंडर बेसचे सुटे भाग जोडून त्याने ती तयार केली होती. लिलावानंतर त्याची वाद्यं जगभरच्या खासगी आणि व्यावसायिक संग्रहांत पांगली.

एन्टविसलच्या नावाची बेस कुठे दिसली तर काळाचा मेळ घालून पाहा. त्याने आयुष्यभरात सारखी वाद्यं बदलली : फेंडर, मग गिब्सनच्या खोडाला फेंडरची नेक बसवलेल्या मिश्र बेस, पुढे अलेम्बिक, आणि १९८० च्या दशकात पसरलेल्या पंखांच्या आकाराची वॉरविक बझर्ड. बझर्डच्या शेजारी १९६९ च्या कार्यक्रमाचा फोटो लावला असेल तर त्या दोघांचा संबंध नाही. आमच्या मते त्याच्यासारख्या वादकाची वाद्यं काळानुसार रांगेने लावली तर बेसच्या आवाजाचा अर्धा इतिहास एका भिंतीवर वाचता येईल.

८. मोडलेली बेस का जपून ठेवतात?

कारण ती मोडण्याच्या क्षणासाठीच ओळखली जाते. 'द क्लॅश' या ब्रिटिश बँडच्या पॉल सिमननने सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये आपली फेंडरची प्रिसिजन बेस मंचावर आपटून फोडली. पेनी स्मिथ यांनी तो क्षण टिपला आणि तोच फोटो 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर आला. ते तुकडे आज लंडन शहराच्या संग्रहालयात आहेत. अशी बेस दुरुस्त करणं म्हणजे ती नष्ट करणं. मात्र पाटीवर प्रसंग, जागा आणि साल नसेल तर मोडकी बेस ही फक्त मोडकी बेस आहे.

९. साध्या गिटार इतक्या आणि बेस इतक्या थोड्या, असं का?

बँडमध्ये गिटार वाजवणारे दोन-तीन असतात, बेसवादक एकच, हे एक कारण. दुसरं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. कित्येक बेसवादक एकच वाद्य वर्षानुवर्षं वाजवतात आणि ते हातातून सोडत नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांचा पाया रचणारा जेम्स जेमरसन १९६२ ची एकच प्रिसिजन बेस घेऊन बसायचा. भिंतीवर द्यायला दुसरी नव्हतीच. आणि तिसरं कारण पाहणाऱ्यांत आहे : जेवायला आलेल्या माणसाला गायक ठाऊक असतो, मुख्य गिटारवादक ठाऊक असतो. बेस कानाला जाणवते, पण ती कुणी वाजवली हे विचारलं जात नाही. म्हणूनच बेस लावणाऱ्यांनी पाटीवर एखाद्या गाण्याचं नाव तरी लिहावं, अशी आमची मनापासून मागणी आहे.

१०. तारा सैल का दिसतात? वाजवून बघता येते का?

वाजवता येत नाही. चार तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलोंचा असतो आणि न वाजणाऱ्या वाद्याला तो वर्षानुवर्षं देण्यात अर्थ नाही. म्हणून तारा उतरवून ठेवतात. पण तारा सैल करताना नेकमधली पोलादी कांडी, म्हणजे ट्रस रॉड, तीही त्या प्रमाणात सैल करावी लागते. नाहीतर नेक मागे वाकते. पूर्ण काढलेल्या तारा आणि घट्ट ट्रस रॉड ही सर्वांत वाईट जोडी.

११. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत ही वाद्यं टिकतात का?

टिकतात, पण काळजी घ्यावी लागते. मुंबईत हार्ड रॉक कॅफे २००६ मध्ये वरळीच्या बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारात सुरू झालं आणि गोव्यात कळंगुटला त्यांचं हॉटेल आहे. दोन्ही जागा समुद्राच्या हवेतल्या. लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर जाते.

सतत दमट हवेपेक्षा चढउतार जास्त घातक असतात. ग्राहक असताना एसी चालू आणि रात्री बंद, असं रोज होत राहिलं की लाकूड फुगतं-आकसतं आणि रंगाला बारीक तडे जातात. खाऱ्या हवेत ब्रिज (तारांचा खालचा धातूचा आधार), पिकअपचे (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचे) स्क्रू आणि तारा आधी गंजतात. स्वयंपाकघराच्या दिशेची भिंत टाळावी, तेलकट वाफ रंगावर बसते आणि धूळ धरून ठेवते. सही केलेली बेस असेल तर उन्हाची तिरीपसुद्धा नको. मार्करची शाई उजेडाने विटते आणि गेलेली सही परत आणता येत नाही.

टांगण्याच्या आकड्याचं रबरही तपासा. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असतो आणि काही प्रकारच्या रबर-फोमची त्याच्याशी रासायनिक क्रिया होऊन कायमचा डाग पडतो. आकड्यावर सुती कापड गुंडाळलं तरी पुरतं. फेंडरची बेस चार किलोंच्या पुढे असते, तेव्हा आकडा विटेत बसवा, जिप्सम बोर्डात नाही.

१२. मग काचेच्या बंद पेटीत ठेवली की काम झालं ना?

बहुतेक वेळा हो. एक अपवाद मात्र जपावा. १९६० च्या आसपासच्या काही बेसवर कासवाच्या पाठीसारखं दिसणारं पिकगार्ड असतं. ते कासवाचं नसून सेल्युलॉइडचं असतं. जुनं सेल्युलॉइड आकसतं आणि त्यातून आम्ल वाफ सुटते. घट्ट बंद पेटीत ती कोंडली की शेजारचा धातू खाते. अशा बेसच्या पेटीला हवा खेळायला फट ठेवावी. आर्द्रतेबद्दल प्रश्न ११ पाहा.

१३. हॉटेल बंद झालं की भिंतीवरच्या गिटारचं काय होतं?

मालकी कुणाची यावर ठरतं. मोठ्या साखळ्यांचा संग्रह मूळ कंपनीचा असतो आणि वस्तू एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत असतात. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी पाहिलेली बेस तिथे नसेल तर ती विकली गेली असं समजू नका. उसनी दिलेली वस्तू मालकाकडे परत जाते. स्वतंत्र रेस्टॉरंट बंद पडलं तर ती इतर सामानासारखी विकली जाते, आणि नेमक्या अशाच वेळी कागद हरवतात. प्रश्न ७ मधलं लास व्हेगासचं हॉटेल फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्या नावाचं हॉटेल उभं राहिलं.

१४. प्रदर्शनातली बेस चोरीची निघाली तर?

अशा दोन प्रसिद्ध बेस सांगतो. जेमरसनची बेस १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेली आणि अजून मिळालेली नाही. जॅझ बेसवादक जॅको पास्टोरियसची १९६२ ची फेंडर 'जॅझ बेस' १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधून चोरीला गेली. ती वीस वर्षांनी एका दुकानात उगवली आणि मालकीचा वाद झाला. मेटालिका या बँडचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो पैसे घेऊन पुढे आला तेव्हा, २०१० मध्ये, तो मिटला. विकत घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे मोजले म्हणून चोरीचा माल त्याचा होत नाही. घेण्यापूर्वी अनुक्रमांक तपासा आणि साखळी मागा (प्रश्न ५).

१५. परदेशातून जुनी बेस आणून भारतात लावायची आहे. पुरातन वस्तू म्हणून अडचण येईल का?

पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यासाठी वस्तू शंभर वर्षांची असावी लागते. इलेक्ट्रिक बेसचे पहिले प्रयत्न १९३० च्या दशकातले आणि फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ ची, म्हणजे सध्या तरी हा कायदा लागू होत नाही.

खरी अडचण लाकडाची आहे. १९६० च्या आसपासच्या फेंडरच्या नेकवर ब्राझिलियन रोझवूड असू शकतं. ते लाकूड १९९२ पासून 'साइट्स' या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. अशा बेसला निर्यात करणाऱ्या देशाचं प्रमाणपत्र आधी हवं. रोझवूडच्या इतर जातींच्या तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे. ही सूट ब्राझिलियन रोझवूडला नाही, आणि लोकांची फसगत इथेच होते. आयात शुल्काचं कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या.

१६. माझ्या रेस्टॉरंटमध्ये नवी बेस लावून 'अमुक यांची' असं लिहिलं तर चालेल?

नाही. ग्राहकाला खेचण्यासाठी केलेला खोटा दावा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो. 'अमुक यांच्या बेसच्या नमुन्याची' असं लिहा. ते खरं आहे आणि भिंत तेवढीच छान दिसते.

१७. आपल्याकडच्या बेसवादकांची वाद्यं अशी का दिसत नाहीत?

दिसायला हवीत. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ आणि चरणजीत सिंग यांनी बेस वाजवली. ती गाणी महाराष्ट्रातल्या घराघरांत पाठ आहेत. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांच्या पिढ्या खपल्या. पण तबकडीच्या वेष्टनावर वादकाचं नाव छापण्याची पद्धत नव्हती, आणि नाव नसलं की वाद्यही माग न ठेवता विकलं जातं. ज्या शहरांत हे संगीत घडलं तिथल्या भिंतींवर त्या शहरांच्या वादकांना जागा मिळावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्यासाठी लंडनहून काही आणावं लागत नाही.

१८. घरात वडिलांची किंवा काकांची बेस आहे, ते वाद्यवृंदात वाजवायचे. ती प्रदर्शनासाठी द्यावी का?

द्या, पण आधी नोंद करा. वाद्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा, अनुक्रमांक टिपा, वादक हयात असतील तर त्यांच्याकडून कुठे-कधी वाजवली ते आवाजात रेकॉर्ड करून घ्या. जुने फोटो, मानधनाच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका यांच्या प्रती काढा. बेस पुसून चकचकीत करू नका आणि सुटे भाग बदलू नका. घामाने उडालेला रंग हाच पुरावा असतो.

मग भेट द्यायची की उसनी, ते ठरवा. भेट दिली की हक्क संपला. उसनी देत असाल तर मुदत, विमा कुणी काढायचा, पाटीवर काय लिहायचं, जागा बंद झाली तर किती दिवसांत परत (प्रश्न १३), आणि तुम्हाला न विचारता दुरुस्ती होणार नाही, एवढं करारात असू द्या. देताना आणि परत घेताना वाद्याची अवस्था दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. कागदांच्या प्रती त्यांना द्या, मूळ कागद घरीच ठेवा.